अनोळखी वीटकारखान्याची रेल्वे मॉडेलमध्ये कशी आणावी?

प्रश्न : एका जुन्या वीटकारखान्यात मातीच्या खाणीपासून भट्टीपर्यंत ६०० मि.मी. गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) रेल्वे होती. तिचे दोनच फोटो हाती आले. एकात रिकामी वाघीण समोरून दिसते. आराखडे नाहीत. मॉडेल जमेल का, आणि कोणत्या प्रमाणात?

उत्तर : नक्की जमेल. असा मार्ग कुणाला ठाऊक नसला तरी त्यावरचं सामान बहुतेक वेळा कॅटलॉगमधलंच असतं. फ्रान्सची देकोविल कंपनी रूळ आणि पोलादी स्लीपर आधीच जोडलेले तयार तुकडे विकायची. पहिल्या महायुद्धात खंदकांपर्यंत रसद पोहोचवायला ६०० मि.मी.चे रूळ, इंजिनं, वाघिणी मोठ्या प्रमाणावर बनल्या आणि युद्धानंतर स्वस्तात विकल्या गेल्या. इंग्लंडमधली लेटन बझर्डची वाळूवाहू रेल्वे १९१९मध्ये अशाच शिल्लक सामानावर उभी राहिली. म्हणून आधी वाघिणीचा सांगाडा, बफर (टोकाचे, धक्का झेलणारे भाग) आणि ॲक्सलबॉक्स (ॲक्सलची टोकं बसतात ती पेटी) नीट पाहून ती कोणत्या कंपनीची बनावट आहे ते ओळखा. तुमच्या रेल्वेचे आराखडे नसले तरी त्या बनावटीचे मिळू शकतात.

मापं गेजवरूनच काढा. समोरच्या फोटोत चाकं रुळांना टेकतात तिथे दोन रुळांमधलं अंतर २० मि.मी. आणि त्याच चाकांच्या वरच्या पेटीची रुंदी ४० मि.मी. भरली, तर खरी रुंदी साधारण १२०० मि.मी. मात्र दोन्ही मापं कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावरची हवीत. शेजारी उभ्या माणसाच्या उंचीवर विसंबू नका.

प्रमाण १:३५च घ्या. १६.५ मि.मी.चा सहज मिळणारा ट्रॅक त्यात ५७८ मि.मी.चा होतो, अचूक ६००साठी १७.१ हवा, पण हा फरक डोळ्यांना कळत नाही. कोड ७५ रुळाची (कोड म्हणजे मॉडेलच्या रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) उंची १.९ मि.मी., म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ६७. मीटरला ७ किलो वजनाचा हलका रूळ ६५ मि.मी. उंच असतो. लष्करी मॉडेलांमुळे माणसं आणि अवजारंही याच प्रमाणात भरपूर मिळतात. १:८७मध्ये ९ मि.मी. ट्रॅक ७८३चा होतो आणि रेल्वेचा किरकोळ बांधाच हरवतो. ६.५ मि.मी. ट्रॅक गेजला जवळ जातो, पण इंजिनात मोटर बसवताना नाकी नऊ येतात.

प्रश्न : इंजिन सांध्यावर (मार्ग बदलतो तिथे) थांबतं, रिकाम्या वाघिणी ढकलताना घसरतात.

उत्तर : चार चाकी आखूड इंजिन प्लास्टिकच्या फ्रॉगवर (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) आलं की रुळांतून वीज घेणारी चाकं कमी उरतात. धातूचा फ्रॉग बसवा आणि सांधा फिरेल तशी त्याची ध्रुवता (धन-ऋण बाजू) मायक्रोस्विचने, म्हणजे सांध्याबरोबर दाबल्या जाणाऱ्या छोट्या स्विचने, बदला. चारही चाकांवरून वीज घ्या आणि दोन ॲक्सलांच्या मध्ये, शक्य तितकं खाली शिसं भरा. चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

वाघिणींनाही वजन हवं, पण ते सांगाड्याखाली. पेटीत घातलं तर गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर वाघीण कलंडते. ढकलताना बफर एकमेकांना चुकवून शेजारी सरकत असतील तर रुंद बफर लावा किंवा वळण सैल करा. वळणाची त्रिज्या जितकी कमी तितका हा त्रास जास्त.

घसरण्याचं आणखी एक कारण चिखल. वीटकारखाना म्हटल्यावर रूळ मातीत बुडवायचा मोह होतोच, आणि दिसतंही सुरेख. बाहेरच्या बाजूने माती रुळाच्या माथ्यापर्यंत चालेल. आतल्या बाजूला मात्र चाकाच्या फ्लँजपेक्षा (चाकाची रुळाच्या आत उतरणारी कड) खोल खाच सलग राहू द्या. लेप ओला असतानाच एक वाघीण हाताने पुढेमागे फिरवा, म्हणजे कुठे अडतं ते लगेच कळेल आणि तिथली माती काडीने काढता येईल.