"आमच्या मागसून ह्येका कोण बघतलो?"

हा प्रश्न माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या, दिव्यांग मुलांच्या इतक्या आयांनी विचारला आहे, की आता खुर्चीवर टेकायच्या आधीच तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. मालवण, देवगड, कुडाळ, गाव कुठलंही असो. पैसे थोडेफार साठवलेले असतात, आंब्याची कलमं असतात, घर असतं. धाकधूक एकच असते, की आपण गेल्यावर या मुलाचं कोण?

त्यातलंच एक कुटुंब आज सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा एकवीस वर्षांचा, जन्मापासून डाऊन सिंड्रोम. वडील वाडीतल्या भजन मंडळाचे बुवा. चतुर्थीला पाहुणे आले, मुंबईकर आले, की मुलगा मागल्या पडवीत. दार ओढून घेतलेलं. आईने वीस वर्षं दर जत्रेला ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं होतं आणि मनाच्या तळाशी एकच धरून बसली होती: पोटात असताना ग्रहणात माझंच काहीतरी चुकलं.

ते आधी मोकळं करावं लागलं. पेशीत गुणसूत्रं 46 असतात, डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र दोनऐवजी तीनदा येतं आणि आकडा 47 होतो. ग्रहण, नजर, देवाचा कोप यांचा काही संबंध नाही. हे डॉक्टरांनी तिला पूर्वी सांगितलंही असेल. पण दोष मनात रुतलेला असताना माहिती कानावरून जाते. पाचव्या की सहाव्या भेटीत ती रडली, आणि मग ऐकू लागली.

त्यानंतर मी विचारलं, "वाडीत त्याचं खरं नाव किती जणांना माहीत आहे?"

"नाव? सगळे 'येडो' म्हणतत. तोंडार नाय, मागसून."

"तो चिडला की कशाने शांत होतो, हे तुम्हा दोघांशिवाय कोणाला ठाऊक आहे?"

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "कोणाक नाय."

कुलपात ठेवलेल्या माणसाला आपल्यामागे कोणी ओळखत नाही. आपण लाजेपायी दार ओढतो, तेव्हा उद्या त्याच्याकडे बघणारे हातही बाहेरच ठेवतो. मी हे तिला असं सुनावलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच फोन करून जवळपास हेच सांगितलं.

इथे माझ्या हातून एक चूक झाली. माझ्या खोलीबाहेर मुलाने सगळ्यांच्या चपला जोडीजोडीने, टोकं बाहेर करून लावून ठेवल्या होत्या. मला कौतुक वाटलं आणि मी म्हटलं, भजनाला हेच काम देऊ या त्याला. बुवा एकदम ताठ झाले. "मॅडम, माझ्या झिलान लोकांच्यो चपलो राखूच्यो?" त्यांचं बरोबर होतं. उंबऱ्याबाहेरचं काम देऊन आत घेतल्याचं समाधान आपण किती सहज मानून घेतो!

आल्फ्रेड ॲडलर या मानसतज्ज्ञावर माझा फार विश्वास आहे. लहानपणी मुडदुसाने तो स्वतः आजारी होता. माणसाला आपण कोणाचे तरी आहोत आणि कोणाच्या तरी उपयोगी पडतो असं वाटणं ही मूळची गरज आहे, असं तो मानायचा. म्हणून दयेपेक्षा मी नेहमी त्या माणसाचा वाटा शोधते. मी बुवांना विचारलं, "तालीम चालू असते तेव्हा तो काय करतो?"

"मागल्या पडवेत बसता. पखवाजवाल्याचो हात चुकलो की हसता."

एवढं बोलून ते थांबले. बाहेर पावसाची सर आली, गेली. मी काही विचारलं नाही. अशा वेळी गप्प बसणं हे मी पंचवीस वर्षांत शिकलेलं सगळ्यात कठीण काम आहे.

"मॅडम," ते हळू म्हणाले, "आमका वाटी तो येड्यासारखो हसता. पण तो चुकल्यारच हसता."

आणि मग, "तेका ताल कळता."

त्या रात्री बुवांनी त्याच्या हातात झांज दिली.

चतुर्थीच्या आधी मी मंडळाला भेटले. दोनच गोष्टी सांगितल्या. चहा, फराळ, बसायची जागा, जे विचारायचं ते त्यालाच विचारा, आईला नको. आणि पोरांनी विचारलं तर लपवू नका: "त्याला डाऊन सिंड्रोम आहे, समजायला थोडा वेळ लागतो, ताल पक्का आहे." चतुर्थीत मंडळ घरोघरी भजनाला गेलं, तोही बरोबर. तिसऱ्या घरी एका पोराने त्याची नक्कल केलीच. पखवाजवाल्याने वाजवणं न थांबवता त्या पोराकडे नुसतं पाहिलं. गजराला लय चढली तेव्हा झांज कुठे घसरली नाही.

कागदांचं काम याच्या जोडीने करा, मागे टाकू नका. मूल अठराचं झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्याच न्यासाची 'निरामय' ही 1 लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र काढा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा, एकटे नको, चार शेजारी घेऊन. चारचौघांत मुद्दाम अपमान करणं हा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने गुन्हा आहे, हेही माहीत असू दे. पण वाडीत मी कायद्याआधी झांज वापरते.

कार्तिकात बुवा तापाने अंथरुणाला लागले. तालीम दुसऱ्या घरी होती. आई म्हणाली, आज राहू दे. तेवढ्यात मंडळातली दोन पोरं दारात आली आणि त्याला नावाने हाक मारून घेऊन गेली. साडेदहा झाले, अकरा वाजत आले, ती खळ्यात उभी. मग पाणंदीतून बॅटरीचा उजेड हलताना दिसला. तिघे होते. गप्पा मारत येत होते.