२०२१ मध्ये कोविडसाठी प्लाझ्मा द्यायचा होता? दिवस कुठून मोजत होते ते आधी बघा

तुम्ही लिहिलं होतं, डिसेंबर २०२० मध्ये कोविड झाला होता, एप्रिल २०२१ अखेर कोविड झालेल्या मामांसाठी प्लाझ्मा (बऱ्या झालेल्याच्या रक्तातला द्रव भाग) द्यायला गेलात तर अँटीबॉडी (विषाणूशी लढणारी रक्तातली प्रथिनं) कमी म्हणून परत पाठवलं. मनाला लावून घेऊ नका. पहिल्या महिना-दीड महिन्यात त्या भरपूर असतात मग उतरत जातात, आणि सौम्य झालेल्यांच्या बऱ्याचदा मुळातच कमी.

मी २०२० मध्ये वेळेत गेलो होतो. तेव्हा नियम होता लक्षणं गेल्यापासून २८ दिवस, ते होऊन गेलेले. पण ब्लड बँकेतले साहेब (नाव घेत नाही) म्हणे निगेटिव्ह रिपोर्ट आणा. अहो, मे २०२० पासून सौम्य पेशंटची डिस्चार्जला टेस्टच करत नव्हते, आणू कुठून? डिस्चार्ज कार्ड दिलं तर शिक्का अंगठ्याने घासून बघितला नि परत सरकवलं. मग पदरचे पैसे घालून स्वॅब दिला तर तो पॉझिटिव्ह! मेलेल्या विषाणूचे तुकडे नाकात कित्येक आठवडे सापडतात हे त्यांना माहीत नसावं? वर त्या पॉझिटिव्हपासून नव्याने २८ मोजायला लावले. शेवटी बोलावलं तोवर टायटर (अँटीबॉडीचं प्रमाण) उतरलेला, नापास. मधल्या काळात प्लाझ्मासाठी फोन आलेल्यांना मी नाहीच म्हणत राहिलो, त्याचा राग अजून जात नाही.

एप्रिल २०२१ पर्यंत आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) १४ दिवस केले होते, तेही लक्षणं गेल्यापासून, रिपोर्टच्या तारखेपासून नाही. म्हणून त्या वेळी मार्चमध्ये बरा झालेला डोनर शोधायला हवा होता, आणि अँटीबॉडी टेस्ट त्याच ब्लड बँकेत करायला हवी होती, बाहेरच्या लॅबचा आकडा वेगळ्या किटचा असायचा, धरत नव्हते. मूल झालेल्या बायकांना घेत नव्हते, वहिनींना नेऊन उपयोग नव्हता. लस घेतली असेल तर तेव्हा शेवटच्या डोसनंतर २८ दिवस थांबवायचे, पण प्लाझ्मासाठी लस लांबवू नये हे माझं मत होतं.

मी डॉक्टर नाही, पण स्पष्ट बोलतो. मामांना लक्षणं सुरू होऊन दहा दिवस उलटले असतील तर प्लाझ्मा खरंच हवाय का हे डॉक्टरांना विचारायला हवं होतं. आयसीएमआरच्याच प्लाझ्माच्या ट्रायलमध्ये ३९ हॉस्पिटलं, ४६४ पेशंट होते, मृत्यू काही कमी झाले नाहीत. तरी डॉक्टर चिठ्ठी लिहून नातेवाइकांना रात्री प्लाझ्मासाठी पळवायचे, आणि 'डोनर देतो, आधी गूगल पे करा' म्हणणारेही निघाले होते, असले नंबर सरळ ब्लॉक करायचे.