रात्री काय झालं ते डॉक्टरांना कोण सांगणार?

प्रश्न: ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, नेरूळ सीवूडसला घरोघरी जाते. ७८ वर्षांच्या एका आजींना डिमेन्शिया आहे, डिप्रेशनची गोळीही चालू आहे. मागच्या महिन्यात त्या अचानक दिवसा झोपायला लागल्या, चालताना झोक जायचा. नंतर कळलं की झोपेची नवीन गोळी सुरू झाली होती, रात्रीच्या मावशींना माहीत होतं पण त्यांना कुणी विचारलंच नाही. मुलगा म्हणतो घरातलं बाहेर जायला नको. मी सायकिॲट्रिस्टना थेट फोन केला तर चालेल का? आणि सगळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढू का?

उत्तर: फोन करा, आजच करा, मुलाला सांगून करा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम २३ आहे, पेशंटची माहिती गुप्त राहणं हा त्याचा हक्क आहे असं ते म्हणतं, पण त्याच कलमात उपचार करणाऱ्या इतर डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना उपचारासाठी लागणारी माहिती द्यायची मुभाही आहे. लोक पहिला भाग ऐकतात आणि तिथेच थांबतात. मुलाला हेच समजावा, आईच्या डॉक्टरला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं नाही.

नौपाड्यातल्या एका आजोबांचं मला अजून आठवतं. स्मरणशक्तीसाठी न्यूरॉलॉजिस्टने डोनेपेझिल दिलेलं, त्या गोळीने काहींना लघवीची घाई होते तशी त्यांना झाली, मग मुलीने यूरॉलॉजिस्ट गाठला आणि त्यांनी ऑक्सिब्युटिनिन लिहून दिलं. आता बघा, पहिली गोळी मेंदूतलं जे रसायन वाढवते त्याचंच काम दुसरी अडवते, आजोबा आणखी गोंधळायला लागले आणि घरच्यांना वाटलं आजार वाढला. दोन डॉक्टर, दोन फायली, दोन पिशव्या, चूक म्हणावी तर एकाचीही नाही. शेवटी लक्षात कुणाच्या आलं तर कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याच्या, कारण दोन्ही चिठ्ठ्या त्याच्याकडेच यायच्या! म्हणून त्यालाही आपल्यातला धरा.

ग्रुपपेक्षा मला घरातली वही बरी वाटते, फ्रिजवर ठेवलेली. पहिल्या पानावर सगळी औषधं, आयुर्वेदिक काढा, सर्दीची गोळी, डोळ्यात घालायचे थेंबसुद्धा, कारण काचबिंदूच्या काही थेंबांनी नाडी मंदावते आणि डोनेपेझिलनेही मंदावते. प्रत्येक डॉक्टरकडे ती वही न्यायची. ग्रुप काढलाच तर "वहीत लिहिलंय, बघा" एवढ्यापुरता, आजींचे फोटो व्हिडिओ अजिबात नकोत, आणि काम सोडून गेलेल्या माणसाला त्याच दिवशी काढा.

सगळ्यांना सगळं सांगायचं नसतं. मावशींना आजींचं जुनं आजारपण, घरातली भांडणं कळायची गरज नाही, पण झोपेच्या गोळीनंतर आजींना एकट्यानं बाथरूमला सोडायचं नाही हे कळायलाच हवं. आणि आजींना स्वतःला विचारा ना, त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल आपण बोलतो पण त्यांना कुणी विचारत नाही. सकाळी त्या जरा ताज्या असतील तेव्हा विचारा, कुणाला सांगितलेलं चालेल म्हणून. त्यांना नीट समजत असेल तर साध्या कागदावर सही किंवा अंगठा घेऊन त्या आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या बाबतीत त्यांच्या वतीने बोलणारा माणूस, नेमू शकतात, कायद्यात तशी सोय आहे.

एक मात्र लक्षात ठेवा, एकदोन दिवसांत अचानक बदल झाला, गोंधळ, गुंगी, भास, तर ते डिमेन्शियाच्या खात्यात टाकू नका. लघवीचं इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम कमी होणं, नवीन गोळी, यातलं काहीही असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं.

मावशींना लिहिता येत नसेल तर सकाळी चहाच्या वेळी सूनबाईंनी विचारून लिहावं, आणि त्यांच्याच शब्दांत, "रात्री दोनदा उठल्या, भिंत धरून चालत होत्या" असं. त्याचं "बॅलन्स प्रॉब्लेम" करू नका, डॉक्टरला ती भिंतच कळायला हवी.