मल्टिव्हर्सने (एका सर्व्हरवर अनेक नकाशे चालवणारं प्लगइन) रामकुंडाचा नकाशा घेताना माइनक्राफ्ट सर्व्हर मिनिटाभरात का पडतो?

तुमचा नकाशा खराब नाही. स्पिगॉट या सर्व्हर सॉफ्टवेअरमधला वॉचडॉग, म्हणजे सर्व्हर अडकलाय का यावर नजर ठेवणारा भाग, सर्व्हर बंद करतोय. ‘मल्टिव्हर्स इम्पोर्ट दिलं की साधारण मिनिटाने बंद’ हे तुमचं वर्णनच ते सांगतं: मुख्य थ्रेड (खेळ चालवणारं सर्व्हरचं मुख्य काम) ६० सेकंद अडकून राहिला, की वॉचडॉग सर्व्हरला मेलेला समजतो. लॉगमध्ये ‘द सर्व्हर हॅज स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग’ अशी ओळ शोधा. तिच्याखालच्या थ्रेड डंपमध्ये (त्या क्षणी सर्व्हर काय करत होता याची यादी) मल्टिव्हर्स किंवा चंक लोडिंगचं (नकाशाचे तुकडे लोड करण्याचं) नाव दिसलं, तर खात्री झालीच. नाशिकमधल्या एका गेमिंग कॅफेचे सर्व्हर मी सांभाळतो, तिथे मोठ्या नकाशांना हे हमखास होतं.

- आधी नकाशाची प्रत काढून ठेवा, हे टाळू नकाच.
- नकाशा जुन्या आवृत्तीचा असेल तर सिंगलप्लेअरमध्ये ‘एडिट’मधून ‘ऑप्टिमाइझ वर्ल्ड’ चालवा. खरा वेळ बहुधा त्या रूपांतरातच जातो.
- तरीही पडला, तर स्पिगॉट डॉट वायएमएल या सेटिंग फाइलमध्ये टाइमआउट-टाइम ६० चं १८० सेकंद करा, सर्व्हर रीस्टार्ट करा आणि इम्पोर्ट झाल्यावर पुन्हा ६० करा.

मात्र लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी एरर’ असेल, तर यातलं काहीच लागू नाही. मग एक्सएमएक्स (सर्व्हर सुरू करताना जावाला दिलेली कमाल मेमरीची मर्यादा) वाढवून सर्व्हरला जास्त रॅम द्यावी लागेल.