पेशींची पेशी : ‘मार्कर’ला मराठीत काय म्हणावं?

आर्वी तालुक्यातल्या एका गावाहून प्रश्न आला आहे. विचारणाऱ्यांचा सात वर्षांचा पुतण्या नागपूरला भरती होता. ताप हटत नव्हता, पाणथरी (प्लीहा) वाढलेली, रक्तातले आकडे रोज खाली. शेवटी निदान झालं ‘एचएलएच’, म्हणजे शरीराच्या राखणदार पेशीच बिथरून घरच्या रक्तपेशी गिळू लागतात तो आजार. डॉक्टर समजावून सांगत होते, पण त्या सांगण्यात ‘सेल मार्कर’, ‘सीडी-८ पॉझिटिव्ह’, ‘सोल्युबल सीडी-२५’ असे शब्द. हे सगळं मराठी करून आजीला सांगायला गेले, तर आजीनं विचारलं, “मंग पेशी कोनत्या तारखेले हाय?” शब्दकोशात मार्करसाठी ‘चिन्हक’ मिळाला, तो घरात कोणालाच उमगला नाही. म्हणून विचारतात, योग्य शब्द कोणता?

आधी आजीची बाजू घेतो. माझी सगळी नोकरी तालुक्याच्या कोर्टात गेली, त्यामुळे ‘पेशी’ म्हटलं की मलाही आधी फायलींचा गठ्ठाच दिसतो. पुण्याकडचा माणूस ‘कोर्टात तारीख आहे’ म्हणतो, आपल्याकडचा ‘पेशी हाय’ म्हणतो. ही पेशी फारसी ‘पेश’ची, म्हणजे पुढे, समोर. साहेबासमोर कागद ठेवणारा पेशकार, आधी दिलेली रक्कम पेशगी, आणि पुढे चालणारा तो पेशवा. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होती. कचेरीतली हिंदी आपल्या बोलीत मुरली ती तेव्हापासूनची.

रक्तातली पेशी मात्र संस्कृत, आणि तिचाही अर्थ मूळचा हा नव्हे. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. सुश्रुतानं शरीरात पाचशे पेशी सांगितल्या त्या स्नायू या अर्थानं. हिंदीनं तो अर्थ सांभाळला, म्हणून तिकडे मसल म्हणजे मांसपेशी आणि सेल म्हणजे कोशिका. मराठीनं मसलला ‘स्नायू’ दिला (जो सुश्रुताकडे अस्थी-सांधे बांधणारा दोर आहे) आणि रिकामी झालेली ‘पेशी’ सेलच्या पदरात टाकली. नागपूरच्या दवाखान्यात अर्धं बोलणं हिंदीतून चालतं, तिथे ‘मांसपेशियों में दर्द’ ऐकून आलेला माणूस घरी ‘पेशीत दुखते म्हणते’ असं सांगतो. घोटाळा माणसाचा नाही, शब्दांच्या अदलाबदलीचा आहे.

त्यात डेंग्यूनं आणखी एक भर घातली. गावात ‘पेश्या कमी झाल्या’ म्हटलं की अर्थ एकच, प्लेटलेट उतरल्या. “चाळीस हजारावर आल्या, पपईच्या पानाचा रस देऊन रायलो.” गंमत अशी की प्लेटलेट ही पूर्ण पेशी नव्हेच. अस्थिमज्जेतल्या एका मोठ्या पेशीचे ते सुटलेले तुकडे. पण बोलीनं तिलाच पेशी ठरवलं आहे, तर आता पंचनामा करून उपयोग नाही. अनेकवचन ‘पेशी’ की ‘पेश्या’ असं कोणी विचारलं, तर लिहिताना मी पेशीच ठेवतो. पण नदीच्या नद्या होतात तर पेशीच्या पेश्या करणाऱ्याला हसण्याचं कारण नाही.

आता मुख्य शब्द. मार्करला मराठी प्रतिशब्द नीट बसत नाही याचं कारण माझ्या मते असं, की इंग्रजीनं या एका शब्दात दोन कामं कोंबली आहेत.

पहिलं काम ओळख पटवण्याचं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुर्बिणीखाली बऱ्याचशा सारख्या दिसतात. पण त्यांच्या अंगावर वेगवेगळी प्रथिनं असतात, त्यावरून कोण कोण आहे ते कळतं. सीडी-३ असेल तर ती टी-पेशी. त्यातली सीडी-४ वाली मदतनीस, सीडी-८ वाली मारेकरी. सीडी-१९ वाली बी-पेशी. सीडी-१६३ दिसला तर ती भक्षकपेशी, म्हणजे कचरा, जंतू, मेलेल्या पेशी गिळणारी. या कामाला माझा शब्द ‘बिल्ला’. बाजार समितीतल्या हमालाच्या दंडावर, एसटीच्या कंडक्टरच्या छातीवर असतो तो. माणूस ओळखीचा नसला तरी बिल्ला पाहून त्याचं काम कळतं. ‘चिन्हक’मध्ये चूक काही नाही, पण तो कोणी अंगावर घातलेला दिसत नाही.

दुसरं काम इशारा देण्याचं. फेरिटिन घ्या. ते कोणत्याही पेशीची ओळख सांगत नाही. शरीरातला लोहाचा साठा धरून ठेवणारं हे प्रथिन, आणि दाह भडकला की रक्तात त्याचा आकडा चढतो. एचएलएचच्या निकषांत ५०० ही त्याची पायरी आहे. या आजारात तो दहा हजारांच्याही पुढे जाताना दिसतो. पण सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या ज्या पोरांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांचंही फेरिटिन वाढतं, आणि सिकलसेल विदर्भाला काही नवा नाही. म्हणजे हा धूर आहे. आग कुठली ते तो सांगत नाही. इथे बिल्ला चालणार नाही, इथे ‘सूचक’ म्हणावं.

बिल्ले तपासण्याची जी रीत आहे, फ्लो सायटोमेट्री, ती ऐकली तेव्हा मी मनापासून हसलो. प्रत्येक बिल्ल्याला नेमकं चिकटणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) घेतात, त्याला चमकणारा रंग लावतात, आणि रक्तातल्या पेशी बारीक धारेतून एकेक करून लेझरच्या उजेडापुढून सोडतात. जिच्या अंगावर जो रंग चमकला, तो बिल्ला तिचा. एकेकीला पुकारायचं, समोर उभं करायचं, ओळख पटवायची, पुढची. ही तर पेशींची पेशी झाली! आजीचा प्रश्न वाटला तितका भलता नव्हता.

‘सीडी’ हे नाव मात्र भाषेच्या दृष्टीनं फसलेलं आहे. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच साच्याची प्रतिपिंडं बनवण्याची युक्ती दाखवली (१९८४ चं नोबेल त्यासाठीच, येर्न यांच्यासोबत), आणि मग जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापली प्रतिपिंडं आपापल्या नावांनी बाजारात आणली. एकाच बिल्ल्याला पाच नावं. १९८२ मध्ये पॅरिसला बैठक घेऊन सारखी वागणारी प्रतिपिंडं एकेका घोळक्यात टाकली आणि घोळक्यांना नंबर दिले. त्या घोळक्याला ते ‘क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन’ म्हणाले, तीच ही सीडी. म्हणजे घोळका प्रतिपिंडांचा होता, पेशींचा नव्हे. पुढे ते नाव बिल्ल्यालाच चिकटलं. आता नंबर साडेतीनशेच्या पुढे गेले आहेत. याचं भाषांतर करू नये. ‘विभेदनगुच्छ-८’ म्हणण्यानं कोणाचंही भलं होत नाही. शिवाय सीडी-४ हा शब्द एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रामुळे खेड्यापाड्यांत कधीचाच पोचला आहे. एमआरआयची सीडी वेगळी, एवढं सांगितलं की पुरे.

‘सोल्युबल सीडी-२५’मधल्या सोल्युबलला तुम्ही प्रश्नात ‘विद्राव्य’ लिहिलंत. विद्राव्य म्हटलं की साखर विरघळते. इथे विरघळत काही नाही. टी-पेशी चेकाळल्या की सीडी-२५ हा बिल्ला अंगावर जास्त चढवतात, आणि त्यातले काही तुटून रक्तात वाहू लागतात. यात्रेत मारामारी झाल्यावर जमिनीवर किती बिल्ले पडले ते मोजून किती माणसं भिडली याचा अंदाज घ्यावा, तशी ही तपासणी. निकषांत २४०० युनिटची रेघ आहे. म्हणून ‘सुटा सीडी-२५’ म्हणा. आणि पाहा, अंगावर होता तोवर बिल्ला, सुटला की सूचक. इंग्रजीला या दोन्हींसाठी मार्करच पुरतो. मराठीत दोन शब्द ठेवले तर ही पायरी आपोआप दिसते.

‘पॉझिटिव्ह’नं आजी घाबरली असणार. एचआयव्ही आणि करोना यांनी त्या शब्दाला कायमचा डाग लावला. ‘सीडी-८ पॉझिटिव्ह पेशी’ला ‘धन’ म्हणू नका, त्यात पैसे दिसतात. ‘सीडी-८ वाली’ म्हणा. ‘वाला’ हिंदीकडून आला म्हणून नाक मुरडणारे मुरडोत. दूधवाला, भाजीवाला चालतो ना?

राहिलं आजाराचं नाव. हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस. ‘रक्तपेशीभक्षी लसिकाऊतिपेशीवृद्धी’ असं मी एकदा वहीत लिहून पाहिलं आणि पान फाडलं. एचएलएचच बरं. पण त्यातल्या ‘हिस्टिओ’वर थोडं थांबतो. ग्रीक ‘हिस्टोस’ म्हणजे माग, मागावरचं विणकाम. आपण टिश्यूला ऊती म्हणतो, ती संस्कृत ‘ऊति’ही विणण्याचीच. टिश्यूसुद्धा विणलेल्या कापडावरूनच आला. तीन भाषांना शरीर कापडासारखं दिसलं, आणि आपण मात्र ऊती हा शब्द दहावीच्या परीक्षेनंतर विसरतो.

नावातला ‘भक्षी’ खरा आहे. मारेकरी पेशी काम संपवून थांबत नाहीत, भक्षकपेशी चेकाळतात आणि घरच्याच रक्तपेशी गिळू लागतात. काही मुलांत हा दोष जन्मजात असतो, मारेकऱ्यांकडचं भोक पाडणारं पर्फोरिन हे प्रथिनच नीट तयार होत नाही. काहींत स्क्रब टायफस, डेंग्यू यांसारखा आजार निमित्त होतो. मारेकरी पेशी हत्यार चालवतात की नाही, हे पाहायला सीडी-१०७ए नावाचा बिल्ला आहे. तो एरवी पेशीच्या आत हत्याराच्या पिशवीला लागलेला असतो, वार झाला की मगच बाहेर दिसतो. बिल्ल्यांमध्ये हा मला सगळ्यात आवडला.

आजीसाठी एवढं पुरावं : “माय, पोट्ट्याच्या रक्तातल्या राखनदार पेश्या बिथरल्या, आपल्याच मानसाले खाऊन रायल्या. कोनती बिथरली ते तिच्या बिल्ल्यावरून पाहून रायले डॉक्टर.” आणि तिनं पुन्हा तारीख विचारलीच, तर पुढच्या तपासणीची सांगा. तिच्या लेखी तीच पेशी.