पाहुण्यांनी कमी बोलावं

प्रिय बेटा,

प्रभूमध्ये सलाम.

मिशन ट्रिपमध्ये तिथल्या ख्रिस्ती मंडळीला साक्ष द्यायला, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सांगायला, शिकवायच्या प्रशिक्षणासाठी काढलेली तुझी टिपणं वाचली. मेहनत दिसते. पण त्या वेळापत्रकात तू स्वतः किती तास बोलणार आहेस, ते एकदा मोजून बघ. मिशन ट्रिप संपली की तुम्ही सगळे गाडीत बसाल. तिथल्या मंडळीला मात्र त्याच शेजाऱ्यांत राहायचं आहे.

माझ्या पहिल्या खेपेची फजिती सांगतो. साक्ष कशी द्यावी हे शिकवताना दुभाष्यामार्फत दोन तास मी माझीच साक्ष उलगडून सांगितली. दुसऱ्या दिवशी सराव ठेवला, तर एक वयस्क शेतकरी उभे राहून म्हणाले, "मी कॉलेजात असताना फार उद्धट होतो..." शाळेची पायरीही न चढलेला माणूस! सगळे हसले, मीही हसलो. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी घालून दिलेला कित्ता त्यांनी मनापासून गिरवला होता.

तेव्हापासून मी नमुना देत नाही, प्रश्न विचारतो. विश्वास ठेवण्याआधी कशाची भीती वाटायची? घरात पहिल्यांदा कोणाला सांगितलंत? ते काय म्हणाले? उत्तरं देता देता साक्ष बाहेर येते. मग तीच तीन मिनिटांत सांगायला लाव. 'तारण', 'अभिषेक' असे शब्द आले की थांबव आणि विचार, हे शेजारणीला कळेल का? एकेका माणसामागे अर्धा तास गेला तरी जाऊ दे. योहानाच्या शुभवर्तमानातल्या 9व्या अध्यायात, येशूने दृष्टी दिलेल्या जन्मांधाला परूशी, म्हणजे यहुदी धर्मपुढारी, उलटसुलट विचारत होते. येशू पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही, असं तो सरळ म्हणाला. पण आंधळा होतो आणि आता दिसतं, यावरून हलला नाही. तेवढं प्रत्येकाला जमतं.

सराव जोडीने घे. मार्क 6मध्ये येशूने बाराजणांना दोघादोघांनीच पाठवलं होतं. एकाने बोलावं, दुसऱ्याने ऐकावं. ऐकणंही शिकवावं लागतं, बरं का! प्रेषितांची कृत्ये 8मध्ये पहिल्या मंडळीतल्या फिलिप्पाने इथिओपियाच्या कांदके राणीच्या अधिकाऱ्याला आधी प्रश्न विचारला, बोलावल्यावरच तो रथात चढला आणि तो अधिकारी यशया संदेष्ट्याचं जे वाचत होता तिथूनच त्याने सुरुवात केली. बाहेर जाताना तुमच्यापैकी कोणी पुढे होऊ नका. पाहुण्यांसमोर लोक भिडेखातर मान डोलावतात, आणि आपण ती मान विश्वास ठेवण्याचा 'निर्णय' म्हणून वहीत मांडतो.

औषधं किंवा कपडे वाटायचे असतील तर त्यावेळी सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगणं नको. मदत घेणाऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं. कुठे, कोणाशी, किती बोलायचं हे तिथल्या पाळकांना ठरवू दे. कायदा त्यांना माहीत आहे आणि परिणामही त्यांनाच भोगायचे आहेत.

चीनमध्ये काम करणारे जॉन नेव्हियस 1890 साली कोरियात गेले, ते अवघे दोनेक आठवडे. तिथल्या तरुण मिशनऱ्यांना त्यांनी सुचवलं की विश्वासणाऱ्याने आपला कामधंदा न सोडता, आहे तिथेच साक्ष द्यावी. पुढे तिथलं काम बरंचसं याच वाटेने वाढलं. स्वतः नेव्हियस तोवर केव्हाच परतले होते.

शेवटच्या दिवसाचा वर्ग त्यांच्यापैकीच कोणाला तरी घेऊ दे. तू मागच्या रांगेत बस.

वेळापत्रक पुन्हा पाठव. तुझ्या नावापुढच्या तासांवर लाल खूण कर, म्हणजे मला खोडायला सोपं जाईल.

तुझा,
काका