दम लागतो, नडगी दुखते, पाऊस थांबत नाही

प्रश्न : वय ३९. नोकरी बेलापूरला. वर्षभरात तीनदा धावायला सुरुवात केली आणि तिन्ही वेळा दहा-बारा दिवसांत सुटलं. अर्धा किलोमीटर झाला की धाप लागते, मग दोन दिवस पाय भरून येतात. माझा स्टॅमिनाच कमी आहे का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : स्टॅमिना राहू द्या, आधी वेग बघा. मोठेपणी धावायला लागलेला माणूस बहुतेक वेळा शाळेतल्या शंभर मीटरच्या शर्यतीसारखा पळतो, कारण धावण्याची तेवढीच आठवण शिल्लक असते. अर्धा किलोमीटर तीन-साडेतीन मिनिटांत गेलात तर तो किलोमीटरला सहा-सात मिनिटांचा वेग झाला. सध्या तुम्हाला किलोमीटरला नऊ-दहा मिनिटं लागली पाहिजेत. शेजारून एखादे आजोबा भराभर चालत पुढे निघून गेले तर जाऊ द्यात.

वेग ओळखायला घड्याळ लागत नाही. धावता धावता मोठ्याने म्हणून बघा : 'पुढची पनवेल लोकल चुकली तर ऑफिसला उशीर होईल.' वाक्य एका श्वासात पुरं झालं तर वेग बरोबर. 'लोकल'पाशी अडलात तर हळू व्हा.

आठवड्यातून तीन दिवस पुरेत, मंगळवार, गुरुवार, रविवार असे मधे मोकळा दिवस ठेवून. आधी पाच मिनिटं चालायचं, मग १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं असं आठ वेळा, शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं. एकूण ३४ मिनिटं. हे दोन आठवडे. पुढचे दोन आठवडे २ मिनिटं धाव, २ मिनिटं चाल, सहा वेळा. पाचव्या-सहाव्यात ४ धाव, २ चाल, पाच वेळा. सातव्या-आठव्यात ७ धाव, २ चाल, तीन वेळा. नवव्यात दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे, मधे एक मिनिट चाल. दहाव्यात ते तुकडे बारा मिनिटांचे करा आणि मग सलग पंचवीस मिनिटं धावून बघा. एखादा टप्पा जड गेला तर तोच आणखी एक आठवडा करायचा.

पहिल्या आठवड्यात एकच मिनिट धावून परत चालायला लागलं की 'हे काय धावणं झालं?' असं वाटतं. घोटाळा नेमका इथे होतो. दम तीन-चार आठवड्यांत सुधारतो, तोवर स्नायूही साथ द्यायला लागतात, पण नडगीचं हाड आणि टाचेमागची शीर यांना महिने लागतात. दम आहे म्हणून अंतर वाढवलं की दुखणं तिथून सुरू होतं.

राहिला प्रश्न सुटण्याचा. 'जमेल तेव्हा' म्हटलं की जमत नाही. वेळ एकच ठरवा. सकाळी सातच्या आत घरी परतायचं असेल तर कपडे, मोजे, किल्ली रात्रीच दाराशी ठेवा. एक दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी दुप्पट धावून भरपाई करू नका. आठवडाभर खंड पडला तर एक टप्पा मागे या, तीन आठवडे पडला तर दोन. आणि सकाळी झोप पुरी झालेली नसेल, पण दिवस धावण्याचा असेल, तर बूट घालून नुसतं पंधरा मिनिटं चालून या. तोही दिवस मोजायचा.

प्रश्न : वय २७, धावायला लागून तिसरा आठवडा. दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखतात, उजवी जास्त. सोसायटीसमोरच्या रस्त्याच्या कडेने धावतो. महागडे बूट घेतले तर थांबेल का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : बुटांकडे नंतर येऊ. आधी खुर्चीत बसून उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्या. घोट्याच्या आतल्या हाडापासून वर, नडगीच्या आतल्या कडेने, अंगठ्याने एकेक इंच दाबत जा. चार-पाच इंचांच्या पट्ट्यात सगळीकडे बोथट दुखत असेल तर ताण हाडावरच्या आवरणावर आणि स्नायू जिथे चिकटतात तिथे आहे. पण रुपयाएवढ्या एकाच जागी बोट टेकताच कळ येत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक भेग असण्याची शंका घ्यायची. मग धावणं पूर्ण बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे. भेग असली तरी पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे अनेकदा स्वच्छ येतो, म्हणून एक्स-रेत काही दिसलं नाही एवढ्यावर पुन्हा धावू नका. गरज असेल तर ते एमआरआय सांगतील.

पहिला प्रकार असेल तर दोन आठवडे धावणं थांबवा. चालताना दुखत नसेल तर चाला, सायकल चालवा. धावायला परत लागाल तेव्हा आधीच्या निम्म्यावर. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम दिवसाआड करा, १५ वेळा, तीन फेऱ्या. वर जायला एक सेकंद, खाली यायला तीन. दुखणं वाढलं तर तोही थांबवा.

उजवीच जास्त का? पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. रोज त्याच कडेने गेलं की एक पाय कायम उतारावर पडतो. बागेतल्या सपाट वाटेवर धावा आणि फेऱ्यांची दिशा एक दिवसाआड उलटी करा. पाऊलही आखूड हवं. उजवं पाऊल ३० सेकंदांत किती वेळा पडतं ते मोजा. ३८ आलं तर वेग न वाढवता ४० करा, म्हणजे टाच शरीराच्या फार पुढे आपटत नाही. एवढ्या फरकानेही नडगीवरचा मार कमी होतो.

आता बूट. संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. धावायचे मोजे घालूनच माप बघा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर नखं काळी पडतात. बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर ठेवून द्या. कार्बन प्लेटवाल्या, म्हणजे तळव्यात कडक पट्टी बसवलेल्या बुटांचं तुम्हाला सध्या काही काम नाही. दुकानात चार-पाच मिनिटं धावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जोडी साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालते. वरून नवी दिसली तरी आतला फोम दबलेला असतो.

प्रश्न : जूनमध्ये पाऊस सुरू झाला की माझं धावणं बंद होतं ते थेट दिवाळीनंतर सुरू होतं. काय करावं?
— एक वाचक, कोलशेत

उत्तर : नुसत्या पावसात धावता येतं. थांबायचं ते विजा कडाडत असताना आणि रस्त्यावर पाणी साचलेलं असताना. साचलेल्या पाण्याखाली उघडं गटार आहे की खड्डा, हे दिसत नाही. शिवाय त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला फोड किंवा कापलेलं असेल तर धोका वाढतो. अशा पाण्यातून जावंच लागलं तर घरी येऊन साबणाने पाय धुवा आणि डॉक्टरांना फोन करा. प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही ते ठरवतील. नंतर ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल झाले तर पाण्यातून गेल्याचं आवर्जून सांगा.

सुती मोजे आणि सुती टी-शर्ट पाणी धरून ठेवतात, मग फोड येतात आणि काखेत, मांड्यांत सोलवटतं. पॉलिस्टरचे कपडे घाला आणि घासणाऱ्या जागी निघण्याआधी व्हॅसलिन लावा. घरी आल्यावर बुटातलं इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बोळे बदला. पंख्याखाली बूट दुसऱ्या दिवशीपर्यंत बरे वाळतात. गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरने वाळवलेत तर डिंक सुटून तळवा निघतो. ओल्या फरशीवर, शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय घसरतो, तिथे चाला.

हवेत दमटपणा असला की घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. त्यामुळे तोच वेग जुलैत जड जातो. किलोमीटरला अर्धा-एक मिनिट जास्त लागलं तर तब्येत ढासळली असं समजू नका. ऑक्टोबरच्या उकाड्यातही हेच. मुसळधार दिवशी सोसायटीचे जिने आहेत : वर चालत चढा, लिफ्टने खाली या, वीस मिनिटं. उतरताना गुडघ्यावर ताण जास्त येतो, म्हणून लिफ्ट.

प्रश्न : वय ५४, मधुमेह, ग्लिमेपिराइडची गोळी चालू. रोज सकाळी उपाशीपोटी कचराळी तलावाभोवती ४० मिनिटं चालतो. आता धावायचं आहे.
— एक वाचक, पाचपाखाडी

उत्तर : धावा, पण डॉक्टरांना विचारून. तुमच्या वयात आणि मधुमेहात हृदयाची तपासणी लागेल का, हे त्यांनीच ठरवायचं. डोळ्यांचा पडदा तपासून वर्ष झालं असेल तर तोही दाखवून घ्या. तुमची गोळी साखर खाली आणते, धावणंही आणतं, त्यात पोट रिकामं. म्हणून निघण्याआधी ग्लुकोमीटरवर बघा. आकडा १०० च्या खाली असेल तर एक केळं किंवा दोन-तीन बिस्किटं खा आणि थोडं थांबून निघा. २५० च्या वर असेल आणि बरंही वाटत नसेल, तर त्या दिवशी धावू नका.

खिशात १५ ग्रॅम ग्लुकोज पावडरची पुडी ठेवा, साधारण तीन चमचे. हात थरथरले, दरदरून घाम आला, एकदम भूक लागली किंवा डोकं गरगरलं तर थांबा, बसा, ती पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. घाम तर धावण्यानेही येतोच, म्हणून थांबल्यावरही सुटत राहिलेला गार घाम ओळखायला शिका. साखर दुपारीही उतरू शकते, तेव्हा पहिले काही दिवस जेवणाआधी एकदा बघा. डोस स्वतःहून कमी करू नका.

तळपाय रोज रात्री बघा, खालून दिसत नसेल तर आरसा धरा. संवेदना कमी झाली असेल तर फोड दुखत नाही आणि चिघळतो. छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही झालं तर 'गॅस असेल' म्हणून घरी जाऊ नका, थेट रुग्णालयात जा.

प्रश्न : पामबीच रोडवर पहाटे धावलं तर चालेल का?
— एक वाचक, सानपाडा

उत्तर : गाड्यांच्या लेनमध्ये नको. रस्ता सरळ, गाड्या सुसाट, आणि पहाटे झोपेत चालवणारेही असतात. वाशीचं सागर विहार किंवा नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई जवळ आहे, तिथे जा. रस्त्यावर धावावंच लागलं तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, कानात काही न घालता.

प्रश्न : आठ महिने झाले, आठवड्यात तीनदा ५ किलोमीटर धावतो. आता कंटाळा येतो. मित्र म्हणतात जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची हाफ कर. चार महिने आहेत.
— एक वाचक, खारघर

उत्तर : कंटाळ्याचं कारण बहुधा हे, की तिन्ही दिवस तुम्ही तेच अंतर, तोच वेग आणि तोच रस्ता धावता. एक दिवस हळू आणि लांब करा. एक दिवस मधेच १ मिनिट जोरात, २ मिनिटं सावकाश असं सहा वेळा. तिसरा अगदी आरामात. सेंट्रल पार्कला रोज जात असाल तर एक दिवस दुसरीकडे जा.

हाफ म्हणजे २१.०९७ किलोमीटर. पाचवरून चार महिन्यांत ते होईलही, पण शेवटचे सहा किलोमीटर पाय ओढत काढाल आणि फेब्रुवारीत बूट कपाटात जातील. या वेळी १० किलोमीटरला नाव घाला. लांबचं अंतर दर आठवड्याला अर्धा-एक किलोमीटर वाढवा, चौथ्या आठवड्यात मुद्दाम निम्मं करा. डिसेंबरपर्यंत ११-१२ किलोमीटर सहज झाले की दहा सुखाने जातात. तासापेक्षा जास्त धावायचं असेल तेव्हा आधी आणि नंतर वजन करा. जेवढं घटलं तेवढा घाम गेला, एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. तेही घातक आहे, कारण रक्तातलं सोडियम पातळ होतं. पाणी तहानेप्रमाणे प्या.

नवे बूट घ्यायचे असतील तर शर्यतीच्या किमान चार आठवडे आधी घ्या. शर्यतीच्या सकाळी आधी कधी न खाल्लेलं काहीही खाऊ नका, अगदी तिथे फुकट मिळणारं एनर्जी जेलसुद्धा.